नगरकुसाच्या आत आणि बाहेर : प्राचीन भारतीय नगरांच्या उदयाविषयीच्या मीमांसेचा परामर्श

भारतातील प्राचीन नगरांच्या उदयाची चर्चा बौद्ध वाङ्मय बाजूला ठेवून करता येत नाही. महापरिनिब्बान सुत्तात आनंद तथागतांना विनवितो की, कुसिनारेसारख्या कुडामातीच्या लहानशा गावात आपण परिनिर्वाण पावू नये; त्यासाठी चंपा, राजगह, सावत्थी, साकेत, कोसंबी आणि वाराणसी ही महानगरे आहेत. आनंदाच्या मुखी आलेली ही यादी म्हणजे गंगेच्या खोऱ्यातील नागर जीवनाची एक जुनी आणि मोलाची नोंदच होय. तीत पाटलिपुत्ताचे नाव नाही, कारण त्या वेळी ते नगर अजून वसावयाचे होते.

याचा सार्थ अभिमान आपल्या लेखकांना वाटतो. बुद्धाचा धम्म नगरांत वाढला, नगरे समतेची होती, पुढे ब्राह्मणी प्रतिक्रांतीने नगरेही बुडविली आणि समताही, अशी एक मांडणी आपल्या व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार आढळते. तिचा पहिला आणि शेवटचा भाग बराचसा खरा आहे. मधला भाग मात्र तपासून घेतला पाहिजे. नगरे खरोखर समतेची होती काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी हे पाहावे लागेल की, ही नगरे कशी उभी राहिली, याविषयी इतिहासकारांनी काय सांगितले आहे आणि त्यांच्या सांगण्यात काय राहून गेले आहे.

१. लोखंड की राजसत्ता?

भारतातील सर्वांत जुनी नगरे सिंधू संस्कृतीची. हडप्पा येथे दयाराम सहानी यांनी १९२१ साली आणि मोहेंजोदडो येथे राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ साली उत्खननास आरंभ केला. ती नगरे इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात भरभराटीस होती. त्यांच्या ऱ्हासानंतर एक हजाराहून अधिक वर्षे या उपखंडात त्या तोलाचे नागर जीवन दिसत नाही. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास गंगेच्या खोऱ्यात पुन्हा नगरे उभी राहू लागली. यालाच विद्वान ‘दुसरे नागरीकरण’ म्हणतात आणि हाच काळ भगवान बुद्धांचाही आहे.

या दुसऱ्या नागरीकरणाचे एक स्पष्टीकरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ व १९६५ सालच्या आपल्या दोन ग्रंथांतून दिले. दक्षिण बिहारमधील लोखंडाच्या खनिजावर मगधाची पकड होती. लोखंडी कुऱ्हाडीने गंगेकाठचे घनदाट अरण्य तुटले, लोखंडी फाळाने जड जमीन नांगरली गेली, धान्याचा वाढावा निर्माण झाला आणि त्या वाढाव्यावर नगरे व राज्ये उभी राहिली, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. रामशरण शर्मा यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच विचार अधिक तपशिलाने मांडला. यज्ञात होणारा गोवंशाचा संहार नव्या शेतीला परवडणारा नव्हता, म्हणून अहिंसेची शिकवण शेतकरी व व्यापारी वर्गाला आपली वाटली, हा त्या विचाराचाच एक धागा.

या मताला नेमके आव्हान दिले ते अमलानंद घोष यांनी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालकपद भूषविलेल्या या विद्वानाने प्राचीन भारतीय नगरांवरील आपला छोटेखानी ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, अरण्य आगीनेही साफ होते. शिवाय अवजार सुधारले म्हणून वाढावा आपोआप जमा होत नाही. पोटापुरते पिकविणाऱ्याने अधिक पिकवावे आणि ते दुसऱ्याच्या हवाली करावे, यासाठी ते घेणारी सत्ता लागते. म्हणून नगराचे मूळ लोखंडात शोधण्याऐवजी राजसत्तेत आणि व्यापाराच्या संघटनेत शोधले पाहिजे.

नंतरच्या संशोधनाने घोषांची बाजू बळकट झाली आहे. मक्खन लाल यांनी गंगा-यमुना दुआबातील वसाहतींची पाहणी करून १९८४ साली दाखविले की, त्या काळी फार मोठ्या प्रमाणावर जंगलतोड झाल्याचा पुरावा मिळत नाही. राकेश तिवारी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार उत्तर प्रदेशातील मल्हार, राजा नल का टीला आदी स्थळी लोखंड इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातच वापरात होते. म्हणजे लोखंड आले आणि त्यानंतर कित्येक शतके नगरे आली नाहीत. जे कारण इतका काळ निष्क्रिय राहते, ते एकटे पुरेसे कारण मानता येत नाही.

असे असले तरी या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. कोसंबी व शर्मा धान्य कोठून आले ते सांगतात. घोष ते धान्य कोणी घेतले ते सांगतात. पण नगराचा तट ज्यांनी रचला, त्याचे खंदक ज्यांनी खणले, त्याची गटारे ज्यांनी साफ केली, ती माणसे कोठे राहत होती, हा प्रश्न दोघांच्याही विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही. कोसंबी येथील तटाचा घेर सहा किलोमीटरांहून अधिक आहे. राजगहाभोवतीच्या डोंगरांवरून धावणारी, प्रचंड शिळा एकावर एक रचून केलेली दगडी तटबंदी सुमारे ४० किलोमीटर लांबीची सांगितली जाते. हे काम वाढाव्याने केले नाही, तसेच राजाच्या आज्ञेनेही ते आपोआप झाले नाही. ते हातांनी केले.

२. पाटलिगामाची साक्ष

एखादे नगर डोळ्यांदेखत वसत असल्याचे वर्णन प्राचीन वाङ्मयात क्वचितच मिळते. महापरिनिब्बान सुत्तातील पाटलिगामाचा प्रसंग हे असे दुर्मीळ वर्णन आहे. तथागत राजगहाहून निघून पाटलिगामी येतात. गावातील उपासक त्यांना आपल्या आवसथागारात, म्हणजे अतिथिगृहात, उतरवितात. त्याच वेळी मगधाचे सुनीध व वस्सकार हे दोन महामात्य वज्जींना थोपविण्यासाठी तेथे नगर उभारीत आहेत. तथागत आनंदाला सांगतात की, हे अग्रनगर होईल, पुटभेदन होईल. परंतु त्याला अग्नी, पाणी आणि आपसातील फूट असे तीन धोके असतील.

या प्रसंगाकडे बहुधा केवळ भविष्यकथन म्हणून पाहिले जाते. समीक्षकाने तो इतिहासाची साक्ष म्हणून वाचावा. प्रथम हे ध्यानात येईल की, येथे नगराच्या आधी गाव आहे, गावात अतिथिगृह आहे, नदीवर उतार आहे. म्हणजे वाटसरू व व्यापारी यांची ये-जा आधीपासून आहे. ‘पुटभेदन’ या शब्दाचा अर्थच जेथे मालाची गाठोडी सोडली जातात ते ठिकाण, म्हणजे पेठ, असा आहे. त्या पेठेवर राजसत्ता आपला तट चढविते. तटाचे प्रयोजन युद्धाचे आहे. घोषांचे राजसत्ताविषयक मत आणि व्यापाराची भूमिका, दोन्हींना या एका प्रसंगात आधार मिळतो. पुढे उदायीच्या काळात मगधाची राजधानीच येथे आली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. याच सुत्ताच्या आरंभी वस्सकार गिज्झकूट पर्वतावर तथागतांकडे येतो. वज्जी एकत्र जमतात, एकमताने निर्णय घेतात, वृद्धांचा मान राखतात, स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत, इत्यादी सात अपरिहानीय धर्म जोवर ते पाळतील तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागत आनंदाशी बोलताना स्पष्ट करतात. ते ऐकून वस्सकार म्हणतो की, मग वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही. त्यासाठी आमिष किंवा आपसातील फूट हाच मार्ग आहे. फुटीसाठी तेथे ‘मिथुभेद’ हा शब्द आला आहे. पाटलिपुत्ताच्या तिसऱ्या धोक्यासाठीही तोच शब्द वापरला गेला आहे. शेजारच्या गणराज्याविरुद्ध जे शस्त्र अमात्य उचलू पाहतो, तेच त्याने बांधलेल्या नगराचा घात करील, असा याचा अर्थ होतो. सुत्ताने हे कोठेही टीकेच्या स्वरात सांगितलेले नाही. तरीही राजनीतीवरील इतकी सखोल टीका प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

तिसरी गोष्ट सुत्तात नाही, आणि तिचे नसणेच बोलके आहे. नगर मापणाऱ्या अमात्यांची नावे आली आहेत. तथागत ज्या द्वाराने बाहेर पडले त्याला गोतमद्वार नाव मिळाले आणि ज्या उताराने गंगा ओलांडणार होते त्याला गोतमतीर्थ, हेही आले आहे. लाकडे तोडणारे, माती वाहणारे यांचा मात्र उल्लेख नाही. पुढे इ.स.पू. ३०० च्या सुमारास मेगॅस्थेनिसने पाहिलेले पाटलिपुत्र ८० स्टेडिया लांब व १५ स्टेडिया रुंद होते. त्याच्या लाकडी तटाला ६४ द्वारे व ५७० बुरूज होते. पाटण्याजवळच्या बुलंदीबाग येथील उत्खननांत त्या तटाचे जाड लाकडी वासे प्रत्यक्ष मिळाले आहेत. एवढे लाकूड ज्यांच्या खांद्यांवरून आले, त्यांची वस्ती कोठे होती?

३. नगरकुसाबाहेर

याचे एक उत्तर अर्थशास्त्रात मिळते. हा ग्रंथ आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली प्रसिद्ध केला. तो आज ज्या स्वरूपात उपलब्ध आहे, ते स्वरूप मौर्यकाळानंतरचे असल्याचे अनेक विद्वान मानतात. तो एक आदर्श आराखडा आहे, प्रत्येक नगराचे ते छायाचित्र नव्हे, हेही मान्य. पण त्या आराखड्यातील दुर्गनिवेशाचा भाग पाहावा. उत्तरेस ब्राह्मण, पूर्वेस क्षत्रिय, दक्षिणेस वैश्य, पश्चिमेस शूद्र, अशी वस्तीची विभागणी तेथे आहे. आणि पाखंडी व चांडाळ यांना स्मशानाच्या कडेला राहावयास सांगितले आहे. वैदिक परंपरा न मानणारे ते पाखंडी. समतेचा विचार सांगणारा आणि समता नाकारला गेलेला, या दोघांना एकाच जागी ढकलण्याची ही योजना आहे.

याच्याआधीच्या धर्मसूत्रांचा दृष्टिकोन निराळा दिसतो. आपस्तंब स्नातकाला नगरात जाणे टाळावयास सांगतो. नगराच्या धुळीने ज्याचे अंग माखले त्याला सिद्धी मिळणे अशक्य, असे बौधायन म्हणतो. गौतमधर्मसूत्र नगरात वेदाध्ययन बंद ठेवावयास सांगते. म्हणजे ब्राह्मणी परंपरेला नगर आरंभी संशयास्पद वाटत होते. तेथे माणसे मिसळत, पैसा जन्म पाहत नसे, आणि भिक्खू व परिव्राजक लोकांपुढे उघडपणे वाद करीत. परंतु नगर टाळता येत नाही हे दिसून आल्यावर त्याच परंपरेने नगराचाच नकाशा वर्णांनुसार आखला. आपल्या लेखनात ही दुसरी पायरी बहुधा गाळली जाते. पहिलीच पायरी सांगून नगर स्वभावतःच समतावादी होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

बौद्ध वाङ्मयातही या बाहेरच्या वस्त्यांची नोंद आहे. चित्तसंभूत जातकात उज्जेनी नगराबाहेर राहणाऱ्या दोन चांडाळ भावांची कथा येते. नगरद्वारातून बाहेर पडणाऱ्या श्रेष्ठिकन्येला व पुरोहितकन्येला त्यांचे दर्शन होते. त्या अपशकुन मानून डोळे धुतात व परत फिरतात. त्यांच्याबरोबरच्या मेजवानीला मुकलेला जमाव त्या भावांना बेदम मारतो. जन्म लपवून ते तक्षशिलेला शिकावयास जातात आणि तोंड पोळल्यावर नकळत बाहेर पडलेल्या बोलीमुळे ओळखले जातात. मातंग जातकातील वाराणसीची श्रेष्ठिकन्याही असेच डोळे धुते.

येथे काळाचे भान राखणे अत्यावश्यक आहे. जातकांतील गाथा जुन्या असल्या तरी गद्य कथाभाग अट्ठकथेचा आहे व तो इ.स. पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या रूपात आला. म्हणून त्यातील प्रत्येक तपशील बुद्धकाळावर लादता येणार नाही. निकायांत चांडाळ, नेसाद, वेन, रथकार व पुक्कुस या नीच मानल्या गेलेल्या कुलांचा उल्लेख येतो तो मुख्यतः दारिद्र्य आणि अन्नवस्त्राची टंचाई यांच्या संदर्भात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अपवित्र मानले जाणे आणि अस्पृश्य मानले जाणे यांत भेद केला आणि अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या आसपास ठेवला, तो याच सावधगिरीने. फाहियानने पाचव्या शतकाच्या आरंभी चांडाळ नगरात शिरताना लाकूड वाजवितात असे लिहिले आहे. पण तो उल्लेख चांडाळांपुरताच आहे, त्यावरून सार्वत्रिक अस्पृश्यता सिद्ध होत नाही, असे बाबासाहेबांचे मत होते. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने मात्र खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे व मैला वाहणारे या सर्वांची खुणेने ओळखू येणारी घरे नगराबाहेर पाहिली. दोन प्रवाशांमधल्या अंतरात नगरकुसाबाहेरची वस्ती वाढलेली दिसते.

एक गोष्ट येथे मनाला बोचते. याच फाहियानने पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून तेथील वैश्य कुटुंबांनी चालविलेल्या धर्मार्थ रुग्णालयांची प्रशंसा केली आहे. कुम्रहार येथील १९५१ ते १९५५ च्या उत्खननात ‘आरोग्यविहार’ हे नाव असलेली मुद्राही मिळाली. म्हणजे करुणा नगरात जिवंत होती, आणि त्याच देशात द्वाराशी लाकडाचा आवाजही चालू होता. एकीने दुसऱ्याला आपोआप थांबविले नाही.

४. विहाराचे स्थान

मग धम्माने नगरात नेमके काय केले? याचे उत्तर विहाराच्या जागेत आहे. वेळुवन असो वा जेतवन, ते स्थान नगरापासून फार दूर नसावे व फार जवळही नसावे, लोकांना येण्याजाण्यास सोयीचे असावे, असे विनयात वर्णन आहे. सावत्थीच्या तटाबाहेर अनाथपिंडिकाने जेतवन उभारले. कोसंबीत घोसित श्रेष्ठीने दिलेला घोसिताराम उत्खननात लेखासह मिळाला. विहार तटाला लागून, पण राजाच्या नकाशाबाहेर उभा होता. आतला श्रेष्ठी आणि बाहेरचा पुक्कुस, दोघांनाही तेथे चालत येता येत होते.

थेरगाथेतील सुनीत थेर याचा पुरावा आहेत. निर्माल्य झाडणारा हा माणूस मगधाच्या श्रेष्ठ नगरात प्रवेश करणाऱ्या तथागतांना पाहतो, ओझे खाली टाकतो, वंदन करून प्रव्रज्या मागतो आणि ती त्याला तत्काळ मिळते. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली गेली, जेणेकरून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हे प्रसंग आवर्जून एकत्र आणले आहेत. दोन्ही प्रसंगांत जन्माचा क्रम नगराने मोडला नाही. तो मोडला संघाच्या नियमाने, जेथे ज्येष्ठता उपसंपदेच्या काळावरून ठरे.

प्रामाणिक समीक्षेने याची मर्यादाही सांगितली पाहिजे. महावग्गातील नियमांनुसार राजाचे सैनिक, कर्जदार आणि दास यांना प्रव्रज्या देता येत नसे. बिंबिसाराच्या तक्रारीवरून सैनिकांचा नियम झाला. नगराचे अर्थकारण ज्या दास-कम्मकरांवर चालत होते, त्यांतील दासाला धन्याने मुक्त केल्याखेरीज संघाचे द्वार उघडत नव्हते. उमा चक्रवर्ती यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रारंभिक बौद्ध धर्माच्या सामाजिक अभ्यासात अशा मर्यादांची चर्चा केली आहे. आपण ती शत्रूची टीका म्हणून झिडकारू नये. राजसत्तेच्या नगरात राहून समतेची संस्था चालविताना संघाला काय सोसावे व काय सोडावे लागले, हे त्यातून समजते.

५. समारोप

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला. खेडे हे संकुचितपणाचे व जातीयतेचे आगर आहे, हा त्यांचा निष्कर्ष गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्यांना पटवून द्यावा लागत नाही. आपले आईबाप त्याच कारणाने शहरात आले. पण बाबासाहेबांच्या या विचाराचा अर्थ शहर हेच मुक्तीचे साधन, असा लावणे चुकीचे होईल. आजही शहरात भाड्याने घर मागताना आडनाव विचारले जाते. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला, त्यानंतरही गटारांत गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या आल्या आणि ती माणसे बहुतेक कोणत्या वस्त्यांतील होती हे सर्वांना ठाऊक आहे. अर्थशास्त्राचा नकाशा कागदावरून पुसला गेला, तरी जमिनीवरून पुरता पुसला गेलेला नाही.

म्हणून प्राचीन नगरांविषयी लिहिताना आपण दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, पुराव्याचा काळ तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. जातकाचे गद्य बुद्धकाळाला जोडणे आणि अर्थशास्त्राचा आराखडा मौर्य नगरांचे वास्तव म्हणून सांगणे, दोन्ही सारखेच सदोष आहे. दुसरे, नगराचा गौरव करताना तट बांधणाऱ्यांना विसरू नये. लोखंड आणि राजसत्ता यांच्या वादात हरवलेला तो माणूस शोधणे हे आपल्या अभ्यासकांचे खास कर्तव्य आहे, कारण त्याची वस्ती कोठे होती हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमगते.

कुम्रहारच्या उत्खननात राखेचे थर मिळाले. पाणी तर पाटण्याला अजून सोडीत नाही. १९७५ सालच्या पुराची आठवण तेथे आजही काढली जाते. पहिले दोन धोके तटाने वा बांधाने काही अंशी तरी अडविता येतात. तिसरा धोका तटाच्या आतच असतो आणि त्याच्यावर सुनीध व वस्सकार यांच्यापाशी उपाय नव्हता. तो उपाय नगराबाहेर, फार दूर नाही व फार जवळ नाही अशा जागी, सर्वांना खुल्या असलेल्या विहारात केला जात होता. आज आपल्या नगरांत विहार पुष्कळ आहेत. वस्तीबाहेरचा माणूस त्यांत न विचारता येऊ शकतो काय, आणि आल्यावर त्याला ज्येष्ठता मिळते काय, हे प्रत्येक विहाराने स्वतःला विचारावे.